तीन पाण्यांची कोंबडी

कोंबडी शिजवायच्या आधी धुवायची की नाही, हे मला कुणी विचारू नये. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी हा विषय काढतात, मोबाइलवर आलेले व्हिडिओ एकमेकींना दाखवतात, आणि मी मूळची कोल्हापूरची म्हणजे मटण-कोंबडीतली जाणकार असं समजून माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "ज्याला धुवायचीय त्यानं धुवा, ज्याला नाही त्यानं तशीच चढवा, माझं डोकं खाऊ नका." त्या हसतात. बाई फटकळ आहे, एवढंच त्यांना माहीत. मला त्या प्रश्नाची भीती वाटते हे त्यांना कुठून ठाऊक असणार? माझ्या हातून एक माणूस गेलं की नाही, हे त्या धुण्यात अडकलेलं आहे. सहा वर्षं होऊन गेली. मला अजून कळलेलं नाही.

लग्न होऊन चेन्नईत आले तेव्हा मला वाटलं होतं, मराठी घर आहे, भाषेची काही अडचण नाही. सासर तंजावरकडच्या मराठ्यांचं. कितीतरी पिढ्या तिकडेच गेलेल्या, पण मुलाला मुलगी मात्र 'देशावरून' आणायची ही सासूबाईंची हौस. पहिल्या दिवशी त्या माझ्याशी पाच मिनिटं बोलल्या आणि मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पोथीत असते तसली जुनी मराठी, तीही तमिळच्या चालीवर, मध्येच 'सरी', मध्येच 'पोदुम'. सरी म्हणजे ठीक आणि पोदुम म्हणजे पुरे, एवढं कळायला मला आठवडा लागला. माझी मराठी त्यांना आरडाओरडा वाटायची. "किती जोरानं बोलतेस गे, भांडतेस काय?" असं त्या खरंच काळजीनं विचारायच्या. घरात सगळे त्यांना अम्मा म्हणत, मीही म्हणू लागले.

रविवारी सकाळी आमचे हे दुकानात उभं राहून समोर कापून घेतलेली कोंबडी आणायचे. अम्मा ती रुंद पातेल्यात ओतायच्या आणि पदर खोचायच्या. पहिलं पाणी साधं. दुसरं हळद-मिठाचं. त्यात एकेक तुकडा चोळायचा, हाडाच्या फटीतलं साकळलेलं रक्त अंगठ्याच्या नखानं काढायचं. तिसरं तांदळाच्या धुवणाचं. मग पातेलं उचलून खिडकीपाशी न्यायचं आणि उजेडात बघायचं. तळ दिसला तर 'सरी'. नाही दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. आमच्या आईकडेही कोंबडी धुवायचे, नाही असं नाही. पण एकदा, भसाभसा, आणि लगेच आलं-लसूण लावून बाजूला. पहिल्याच वर्षी एकदा अम्मांना बरं नव्हतं म्हणून मी रांधलं आणि माझ्या पद्धतीनं एका पाण्यात उरकलं. अम्मा जेवायला बसल्या, वाटीवर वाकल्या आणि वाटी सरकवून दिली. "वास येतो गे," एवढंच म्हणाल्या आणि ताक-भात खाऊन उठल्या. मी मोरीत जाऊन रडले. रागानं रडले, खोटं कशाला सांगू? आमच्या घरच्या रश्श्याला नावं ठेवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून तीन पाण्यांवर मी कधी वाद घातला नाही. हळूहळू माझ्याच हाताला ते वळण लागलं. अम्मांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा खिडकीपाशी पातेलं मी न्यायची आणि त्या लांबून विचारायच्या, "तळ दिसतो काय?" मी 'दिसतो' म्हटलं की त्यांचा विश्वास बसायचा. मला त्यांचा राग यायचा आणि मला त्या आवडायच्या, दोन्ही एकाच वेळी. बाळंतपणात माझी आई येऊ शकली नाही, तर ह्या बाईनं चाळीस दिवस मला पाण्याला हात लावू दिला नाही. हे मला विसरता येत नाही, म्हणूनच बाकीचंही विसरता येत नाही.

मग तो उन्हाळा आला, शहरातलं पाणी संपलं तो. बिल्डिंगची बोअर आटली. गिंडीत ह्यांच्या वर्कशॉपमध्ये हात धुवायलाही पाणी नव्हतं. आठवड्यातून दोनदा पाण्याची लॉरी यायची, आणि आली की सगळे मजले घागरी घेऊन जिन्यानं खाली धावायचे. प्लास्टिकच्या घागरी, इथे त्यांना कुडम म्हणतात. हिरवे, निळे, नारिंगी कुडम व्हरांड्यात ओळीनं मांडलेले असायचे आणि कुणाचा कुठला यावरून चांगल्या चांगल्या घरच्या बायका एकमेकींच्या अंगावर जायच्या. मीही गेले. पाणी कुणालाच टाकवत नव्हतं. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात, तांदळाचं धुवण झाडांना. सगळ्या शहराचं हेच चाललं होतं.

आणि आमच्याकडे दर रविवारी कोंबडीला तीन पाणी!

"अम्मा, एका पाण्यात भागवूया का, एवढा उन्हाळा?" मी विचारून पाहिलं.

"मग कोंबडीच नको," अम्मा म्हणाल्या. "डाळ-भात खाऊ. अर्धं धुतलेलं मला नको."

आमची लेक तेव्हा नोकरीला नुकतीच लागलेली, शहराच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला मैत्रिणींबरोबर राहायची आणि एखाद्या रविवारी घरी यायची. तिनं हे ऐकलं आणि हसायलाच लागली. "आई, मुळात धुवायचीच नसते. धुतलं की शिंतोडे उडतात, ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या काकडीवर, आणि शिंतोड्यांबरोबर जंतू. शिजल्यावर ते मरणारच आहेत. धुऊन तुम्ही फक्त घरभर पसरवताय."

"रक्तासकट खा म्हणते काय ही?" अम्मांनी मला विचारलं, तिला नाही.

"पाट्टी, रक्तही शिजतं," लेक म्हणाली. आजीला ती पाट्टीच म्हणायची, इथल्या मुलांसारखी.

"शिजू दे. पण माझ्यापुढं येईल ते निवळ पाण्यातून येऊ दे. आपण काय मांजरं?"

दोघी आपापल्या जागी ठाम, आणि मध्ये मी. तेव्हा मी माझं डोकं चालवलं. नळाखाली धुवायचीच नाही म्हटलं. तसाही नळ कोरडाच होता. पातेल्यातच अलगद धुवायची, शिंतोडा उडू द्यायचा नाही. आणि तिन्ही पाणी बादलीत धरून बाल्कनीतल्या कुंड्यांना घालायची. लेकीचंही ऐकलं, सासूचंही ऐकलं, वर थेंबभर पाणी वाया नाही. मला स्वतःचं कोण कौतुक वाटलं! शेजारणींनाही मी ऐटीत सांगितलं. अम्मा खूश झाल्या. "आमच्या गावी पण तेच," त्या म्हणाल्या. "मांसाचं पाणी झाडाला चांगलं. कढीपत्त्याला घाल. पण बुडाशी घाल हं."

कढीपत्त्याची आमच्याकडे मोठी कुंडी होती, छातीएवढं झाड. त्या उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ बसून त्याची पानं राखाडी झाली होती. पाऊस नाही, धुवायला पाणी नाही. मला त्या झाडाची कीव यायची. म्हणून मी पाणी बुडाशी न घालता वरून घालायची, मगानं, फांद्यांवरून, हळूहळू. धूळ निघून पानं हिरवीगार दिसायला लागायची. झाडाला आंघोळ घातल्याचं समाधान मिळायचं. अम्मांनी बुडाशी घाल असं सांगितलं होतं. वरून घालायची अक्कल माझी.

आता ताकाचं सांगायला हवं. दुपारच्या जेवणावर अम्मांना पेलाभर पातळ ताक लागायचं. कढीपत्त्याची ताजी पानं, आल्याचा तुकडा, अर्धी मिरची हे छोट्या खलात ठेचून त्यात घालायचं, मीठ, हिंग, झालं. वरून फोडणी नाही. सगळं कच्चंच. ह्यांना ताक सोसत नाही, मला त्या कच्च्या पानांचा उग्रपणा आवडत नाही, त्यामुळे घरात ताकाचा एकच पेला व्हायचा. एरवी मी पानं तोडून आणून नळाखाली धरायची. त्या उन्हाळ्यात ती मी पदराला पुसून घ्यायला लागले. आपल्याच झाडाची पानं, म्हटलं, त्यांना कसलं धुणं?

तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. लेक आली नव्हती. कोंबडी तीन पाण्यांत धुतली, तळ दिसला, अम्मांना 'दिसतो' सांगितलं. कोंबडी रटरटायला लागल्यावर बादली बाल्कनीत नेली आणि झाडावर ओतली. हे तिथेच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मग जेवणं झाली. अम्मांनी ताक मागितलं तशी मी जाऊन दोन डहाळ्या तोडल्या. आतल्या सावलीतली पानं अजून ओली होती. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ओली आहेत म्हणजे स्वच्छच आहेत. पुसलीदेखील नाहीत. तशीच खलात टाकली.

अम्मा ताक प्यायल्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "आज ताक छान झालंय गे." वर्षातून एकदा मिळायचं मला त्यांच्याकडून असलं काही.

मंगळवारी त्यांना जुलाब सुरू झाले. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं. जिऱ्याचं पाणी दिलं, साखर-मिठाचं पाणी दिलं. रात्रीत ताप चढला, उलट्या व्हायला लागल्या, बुधवारी सकाळी उठून बसवेना म्हणून हॉस्पिटलमध्ये नेलं. साखरेचा आजार आधीपासून होता, वय अठ्ठ्याहत्तर. वॉर्डमध्ये सगळीकडे तेच पेशंट. डॉक्टर म्हणाले, ह्या उन्हाळ्यात रोज असे येताहेत, लॉरीचं पाणी बाधतंय, म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. आम्ही मान हलवली. शुक्रवारी अम्मांनी मला ओळखलं नाही. शनिवारी दुपारी त्या गेल्या. आठवड्यापूर्वी ज्या बाईनं ताकाचं कौतुक केलं होतं, तिला आम्ही रविवारी पोचवून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी तांदळाचं धुवण घेऊन बाल्कनीत गेले. हाताला सवय होती तसं मगानं कढीपत्त्यावर ओतलं. पानांवरून पाणी ओघळत होतं आणि मी बघत उभी होते, आणि माझा हात तसाच वर राहिला. कुणी काही म्हटलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. मला ते सगळं एकदम समजलं. जे शिजणार होतं ते मी तीन पाण्यांत धुतलं. आणि जे कच्चं पोटात जाणार होतं, त्याच्यावर ते पाणी ओतलं. खाली बसले ती बराच वेळ उठलेच नाही. आत पाहुणे होते, त्यांना वाटलं, सासूसाठी रडतेय.

कुणालाही बोलले नाही मी. कशी बोलणार होते? तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं की लॉरीचं पाणी बाधलं. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये लोक तावातावानं बोलले, आमच्या घरचं उदाहरण दिलं, लॉरीवाला बदलून टाकला. मी तिथे मूग गिळून बसले होते. दहाव्या दिवशी तो लॉरीवाला आमच्या दारात आला. पन्नाशीतला माणूस, वर खोचलेली लुंगी अदबीनं खाली सोडून, हात जोडून उभा राहिला. इथे कुठल्याही बाईला म्हणतात तसं मलाही अम्मा म्हणत तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, माझी नातवंडं तेच पाणी पितात. मी घाण पाणी देईन काय?" एवढी तोंडाळ बाई मी, भाजीवाल्याला एका शेंगेसाठी सोडत नाही, आणि त्या माणसाला 'तुमची चूक नाही' एवढं म्हणता येईना. हे पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा दोष नाही. मनाला लावून घेऊ नका." त्याला जिन्यापर्यंत सोडून आले. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे हा. मला स्वतःची आणखीच लाज वाटली.

झाड काढून टाकायचं माझ्या जिवावर आलं. कापणं तर शक्यच नव्हतं. वॉचमनला म्हटलं, घेऊन जा. त्यानं ते खाली कंपाउंडच्या भिंतीपाशी जमिनीत लावलं. आता ते पहिल्या मजल्याला पोचलंय. येता-जाता बायका डहाळ्या तोडतात, मला सांगतात, "तुमच्या कढीपत्त्याला वास काय सुंदर आहे हो!" मी लिफ्टचं बटण दाबत राहते. आणि हे असं शहर की इथे कढीपत्त्यापासून पळून जाणार कुठे? भाजी घ्या, भाजीवाली न मागता मूठभर वर टाकते. सांबारात तो, रसमात तो, चटणीत तो. शेजारच्या घरात फोडणी पडली की मी खिडकी लावून घेते. पहिली दोन वर्षं तर मी सिंकपाशी उभी राहिले की मागून आवाज यायचा, "तळ दिसतो काय?" मी वळून बघायची. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. तरी वळून बघायची. आणि एकदा तर मोठ्यानं उत्तरही दिलं, 'दिसतो' म्हणून.

एकदा गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा धीर करून विचारलं. बिल्डिंगमधल्या एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगितली. डॉक्टरबाई तरुण होत्या, गोड होत्या. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "नाहीही होऊ शकत. त्या उन्हाळ्यात लॉरीचं पाणीही वाईटच होतं. आता इतक्या वर्षांनी कसं सांगणार?" मी म्हटलं, "तेव्हा सांगता आलं असतं का?" त्या म्हणाल्या, "तपासलं असतं तर कदाचित." मग माझा गुडघा दाबून 'इथे दुखतं का' विचारलं. मी हो म्हटलं. कुठे दुखत होतं कोण जाणे.

अम्मांनंतर आमच्या घरात कोंबडी शिजली नाही. हे म्हणायचे, "मन होत नाही." मी म्हणायची, "बरं." लेक आली की बाहेरून मागवायची. तिचं लग्न झालं, ती शोळिंगनल्लूरलाच राहिली, आणि गेल्या महिन्यात तिला सातवा लागला. परवाच्या शनिवारी तिचा फोन आला. "आई, मला पाट्टीच्या पद्धतीची कोंबडी खायचीय. उद्या येते. करशील ना?" सात महिन्यांची पोटुशी पोर, पहिल्यांदा काही मागत होती. मी 'करते' म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि आई, प्लीज धुऊ नकोस हं. मी आता फार जपतेय."

रविवारी सकाळी हे जाऊन कोंबडी घेऊन आले. मी पातेल्यात ओतली. आणि सिंकसमोर जी उभी राहिले ती राहिलेच. नळाला धो धो पाणी आहे आता. न धुता चढवावी तर अम्मा पाठीमागे उभ्या. धुवावी तर ते पाणी जाणार कुठे? सिंकमध्ये सोडलं तर सिंकमध्ये राहील, तिथे मी लेकीसाठी काकडी धुणार. बादलीत धरलं तर बादलीत. कुठेतरी जाणारच ना ते? किती वेळ गेला कळलं नाही. हे आत आले आणि म्हणाले, "काय झालं? अजून तशीच?"

आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. बादली, मगानं वरून घातलेलं पाणी, ओली पानं, न धुतलेली, न पुसलेली, ताक. कोल्हापुरी आवाजात, एका दमात. शेजारीही ऐकू गेलं असेल, जाऊ दे. मी सांगत होते आणि मनात एकच होतं, की आता हे म्हणतील, 'वेडी आहेस का? लॉरीचं पाणी होतं ते, डॉक्टर नाही का म्हणाले?' तेवढंच मला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं की हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे.

ह्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. "मला माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"मी तिथेच होतो ना बाल्कनीत. तू पाणी वरून घातलंस, माझ्या पेपरवर थेंब पडले. जेवण झाल्यावर मी परत तिथेच बसलो होतो, तेव्हा येऊन पानं तोडलीस. मी म्हणणार होतो, धुऊन घे. मग वाटलं, दोनच कुडम उरलेत, चार पानांसाठी कुठे पाणी. बोललोच नाही."

मी पातेलं ओट्यावर सरकवलं.

"हॉस्पिटलमध्ये तू खाली औषधं आणायला गेली होतीस," हे म्हणाले. "डॉक्टरनं मला विचारलं, काही कच्चं खाल्लं होतं का, कोंबडी वगैरे घरात केली होती का. मी नाही म्हणालो."

"नाही म्हणालात?"

"हो म्हटलं असतं तर तू वर आल्यावर त्यानं तुला विचारलं असतं. तुझ्याकडे मला बघवलं नसतं."

मी दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट धरला. काय काय बोलले मला आठवत नाही. सहा वर्षं, म्हटलं, सहा वर्षं मी एकटी जळतेय आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय! सांगितलं असतं डॉक्टरला तर दुसरं औषध दिलं असतं, दुसरं काही तपासलं असतं! "तेच," हे म्हणाले, "तेच मी रोज म्हणतो." त्यांचे डोळे कोरडे होते. माझा जोर ओसरला. मला आत्ता कळलं की इतकी वर्षं मला एक आशा होती. माझ्याशिवाय कुणालाच असं वाटत नाही, म्हणजे ते खोटंही असेल, ही ती आशा. आता ते दोघांनी पाहिलेलं निघालं.

"म्हणजे मीच ना?" मी विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या प्रत्येक भीतीला 'काही नाही गं' हे एकच उत्तर दिलंय. छातीत कळ आली तरी, लेकीला यायला उशीर झाला तरी. मी त्याच उत्तराची वाट बघत उभी होते.

"आपण," हे म्हणाले.

मग लेकीचा फोन आला, निघालेय म्हणून. ह्यांनी उठून गॅस पेटवला आणि पातेलं तसंच वर ठेवलं.